पावती जिथवर जाते

"कुठं राहता?" या प्रश्नाला आमच्या वाडीत चार उत्तरं होती आणि चारही खरी होती. गावाकडच्या माणसाला आम्ही 'लालबाग' सांगायचो, कारण गणपतीमुळे लालबाग गावात सगळ्यांना ठाऊक होतं. लोकलनं येणाऱ्या पाहुण्याला 'करी रोड' सांगावं लागे, नाहीतर तो भलत्याच स्टेशनावर उतरून पायपीट करत बसे. पत्रावर 'परळ' लिहायचं, कारण पोस्ट परळचं. आणि ताईसाठी स्थळं बघायला लागले तेव्हा काकांनी एकाला 'दादरच्या जवळ' असंही सांगून टाकलं. मध्ये परळ स्टेशन आहे, हे त्यांनी सांगितलं नाही.

हा सगळा भाग ज्या नावानं ओळखला जातो ते 'गिरणगाव' मात्र कुठल्याही पत्त्यात लिहीत नाहीत. त्या नावाचं स्टेशन नाही, पोस्ट नाही, महापालिकेचा वॉर्ड नाही. भायखळ्यापासून दादरपर्यंत आणि शिवडीपासून वरळीपर्यंत पसरलेल्या गिरण्या आणि त्यांच्याभोवतीच्या चाळी मिळून ते गाव झालं होतं. त्याची हद्द कुणी आखली नव्हती. लहानपणी मला वाटायचं की भोंगा ऐकू येतो तिथवर गिरणगाव. प्रत्येक गिरणीच्या भोंग्याचा आवाज निराळा. पहाटे झोपेतसुद्धा आई आवाजावरून सांगायची, हा आपला, हा पलीकडचा. 'आपला' म्हणजे बाबा ज्या गिरणीत साचेखात्यात होते तिचा.

मुंबई शहराची हद्द तेवढी नावातच लिहिलेली आहे. सायन स्टेशनच्या मराठी पाटीवर 'शीव' लिहिलेलं असतं. मुंबई बेट संपून साष्टी जिथं सुरू व्हायची ती ही शीव, म्हणजे हद्द. शहर पलीकडं कितीतरी कोस वाढलं, तरी एक गोष्ट अजून ती शीव पाळते, ती म्हणजे ऑटोरिक्षा. उत्तरेकडून आलेली रिक्षा शीवला आणि माहीमच्या अलीकडं थांबते. पुढं टॅक्सी. रिक्षावाल्याला इतिहास ठाऊक नसला तरी कुठं ब्रेक लावायचा हे ठाऊक असतं.

आईचं माहेर मालवण तालुक्यात, आचऱ्याच्या बाजूला. आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल घेऊन सगळा गाव, गुरंढोरं, कोंबडीकुत्र्यांसकट, तीन दिवस-तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतो. मागं घरं रिकामी. मी आईला विचारलं होतं, शीव कळते कशी, भिंत असते का? ती म्हणाली, "भिंत कसली? जंयपर्यंत देवाची पालखी जाता, थंयपर्यंत आपलो गाव."

मुंबईत पालखी नव्हती, पण माणसं तीच होती. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या माणसांनी गावाची हद्द ठरवण्याची रीत बरोबर आणली आणि पालखीच्या जागी वर्गणीचं पावतीपुस्तक आलं. कोलकात्याच्या एका सहकाऱ्यानं पुढं एकदा मला सांगितलं, त्यांच्याकडं 'पाडा' कुठवर हे दुर्गापूजेचा चांदा मागायला पोरं कुठवर फिरतात त्यावरून कळतं. मला त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

श्रावण लागला की आमच्या मंडळाची मोठी मुलं पावतीपुस्तकं घेऊन निघायची. मागं आम्ही लहान, एकाच्या हातात पेन, एकाच्या हातात डबा. वाट ठरलेली. आधी आमच्या चाळीचे तिन्ही मजले, मग मागची बैठी चाळ, मग पिठाची गिरणी, वाणी, इराण्याचं हॉटेल, न्हावी, मग रस्त्यापलीकडच्या दोन इमारती. तिसऱ्या इमारतीत जायचं नाही, ती दुसऱ्या मंडळाची. चुकून गेलं तर भांडण. एके वर्षी तिसऱ्या इमारतीतल्या एका बिऱ्हाडानं दोन्ही मंडळांना वर्गणी दिली, तर त्यावरून दोन्हीकडचे पदाधिकारी आठवडाभर बोलत नव्हते. पावती जिथवर जाते तिथवर आपली वाडी, हे आम्हांला कुणी शिकवलं नव्हतं, चालता चालता कळलं होतं.

पावती गेलेल्या घरांना मग बरंच काही लागू व्हायचं. त्यांच्याकडं रात्री-अपरात्री माणूस आजारी पडला तर मंडळाची मुलं धावायची. त्यांच्या मुलांना मंडळाकडून वह्या. आणि नाक्यावर मंडळाचा काळा फळा होता, त्यावर खडूनं सूचना लिहीत, त्यात निधनाच्या बातम्याही असत. कुणाचं नाव फळ्यावर यायचं आणि कुणाचं नाही, हे पावतीपुस्तकाच्या हद्दीवरच ठरायचं.

बैठ्या चाळीच्या मागं, सार्वजनिक नळाच्या पलीकडं, खोल्यांची आणखी एक रांग होती. अकरा बिऱ्हाडं. तिथं आमचं पुस्तक जायचं नाही. त्याबद्दल कुणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. आम्ही पोरं नळापर्यंत यायचो आणि डावीकडं वळायचो.

त्या अकरा बिऱ्हाडांपैकी एकातला मुलगा माझ्या वर्गात, माझ्या बाकावर होता. त्याचे वडील बाबांच्याच गिरणीत, पण त्रासन खात्यात. साचेखात्यात तेव्हा जास्त पगार मिळायचा, आणि त्या खात्यात पूर्वी त्यांच्या जातीच्या माणसाला घेत नसत. कारण असं सांगत की धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागतं, मग उष्टं कसं चालेल? १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर मांडला होता. हे सगळं मी पुढं वाचलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की दोघांचे वडील एकाच भोंग्याला निघतात आणि गेटातून आत गेल्यावर वेगवेगळ्या दारांनी जातात.

चौथीत भूगोलाच्या तासाला गुरुजींनी 'आपल्या परिसराचा नकाशा' काढायला सांगितला. मी पट्टी घेऊन चाळ काढली, जिना काढला, पिठाची गिरणी, वाणी, इराणी, मंडळाचा मांडव, रस्त्यापलीकडच्या दोन इमारती. कडेनं लाल पेन्सिलीनं हद्द आखली. ती मी नळावरून डावीकडं वळवली. पुस्तक जसं वळायचं तशीच. नळाच्या पलीकडं कोरा कागद राहिला, तो बरा दिसेना म्हणून तिथं मी झाड काढलं. तिथं झाड नव्हतं.

शेजारी त्याचा नकाशा चालू होता. त्याच्याकडं पट्टी नव्हती, रेघा वाकड्या होत्या. पण त्यात अकरा खोल्या होत्या, नळ होता, बैठी चाळ होती, आमची तीन मजल्यांची चाळ होती आणि दुसऱ्या मजल्यावर डावीकडून चौथ्या खोलीवर त्यानं माझं नाव लिहिलं होतं. त्यानं माझ्या वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "आमची चाळ राहिली."

मी म्हणालो, "कागदावर जागा नव्हती."

तो झाडाकडं बघत राहिला. काही बोलला नाही. गुरुजींनी माझा नकाशा वर्गाला दाखवला, टापटीप म्हणून.

ही गोष्ट मी चाळीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. लहान होतो, असं म्हणून तिच्यातून सुटका करून घेता येते. पण ती हद्द मी मनानं काढलेली नव्हती, आणि ती चुकीचीही नव्हती. आमच्या वाडीतल्या कुणाही मोठ्या माणसाला काढायला सांगितली असती तर त्यानंही नळावरून डावीकडंच वळवली असती. फार तर झाड काढलं नसतं.

एप्रिलच्या सुरुवातीला त्या रांगेतली माणसं पावतीपुस्तक घेऊन आमच्याकडं यायची. जयंतीच्या वर्गणीसाठी. ती आमच्या चाळीचे तिन्ही मजले चढायची, प्रत्येक दार वाजवायची. बरीच दारं उघडायची नाहीत, काही उघडून 'मालक घरी नाहीत' म्हणायची. बाबा उठून गॅलरीत जायचे, तिथंच उभ्यानं पैसे द्यायचे, पावती घ्यायचे. गणपतीची मुलं आली की ती खोलीत येऊन बसायची, आई त्यांच्या हातावर लाडू ठेवायची. जयंतीची वर्गणी गॅलरीत. बाबांबद्दल लिहिताना दोन्ही गोष्टी लिहायला हव्यात. ते द्यायचे, आणि ते गॅलरीत द्यायचे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. सुरुवातीला महिनाभरात मिटेल असं सगळे म्हणत होते. मार्चपर्यंत वाण्याची उधारी थांबली. आईनं खानावळीसारखे डबे करायला घेतले, ताई शिवणकामाला लागली. भोंगे बंद होते आणि वाडीत एक विचित्र शांतता होती. सकाळी सात वाजता अख्खी वाडी घरात. एकमेकांच्या वाटेत येणारी, काय करावं न कळणारी मोठी माणसं.

त्या वर्षी गणपतीत मंडळानं ठरवलं की पुस्तक न्यायचं, पण कुणाला अडून बसायचं नाही. म्हणेल तो आकडा लिहायचा, पैसे संप मिटल्यावर. पैशांची आशा कुणालाच नव्हती. तरी एकही दार वगळलं नाही. मी पहिल्यांदा स्वतः पेन धरलं होतं. माणसं दारात उभी राहून 'पाच लिही' म्हणायची आणि त्या पाचांत त्यांची सगळी अब्रू असायची. ज्याच्याकडं मागायला जातात तो अजून वाडीतला असतो, हे त्या दिवशी मला दिसलं. नळापाशी आलो, तेव्हा आम्ही डावीकडं वळलो.

पुढं हे अनेकदा मनात आलं की मागितली असती तरी त्यांनी दिली असती का? बहुतेक घरं बौद्ध झाली होती. धर्मांतराच्या वेळी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत गणपतीला देव न मानण्याचीही प्रतिज्ञा आहे. त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर ते त्यांच्या विचाराला धरूनच झालं असतं. आमच्या मंडळाच्या एका जुन्या खजिनदारांना मी मोठेपणी विचारलं, तेव्हा ते हेच म्हणाले: "त्यांचा देव वेगळा, उगाच कशाला संकोचात टाकायचं?" मला पटलं, आणि मग लक्षात आलं की धर्मांतर १९५६ सालचं आणि मंडळ त्याच्या कितीतरी आधीचं. त्याच्या आधी पुस्तक जायचं का, हे विचारल्यावर ते म्हणाले, "तेव्हा तर प्रश्नच नव्हता."

त्यांची माणसं मात्र दरवर्षी, बंद दारांची खात्री असूनही, आमचे जिने चढत होती.

संप मिटल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. गिरण्या काही चालू झाल्या, बऱ्याच नाही झाल्या. आमची गिरणी थोडी वर्षं रखडत चालली आणि बंद पडली. तिच्या जागी आता पन्नासेक मजल्यांचा टॉवर आहे. लोअर परळच्या अशा टॉवरांचा पत्ता जाहिरातींत 'अप्पर वरळी' असा छापतात. अप्पर वरळी नावाचं ठिकाण मला कुणी दाखवू शकलेलं नाही. पण काकांनी परळचं 'दादरच्या जवळ' केलं होतं, तेव्हा मी या बाबतीत फार हसू नये. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ साली प्रभादेवी झालं, तर आमच्याकडची जुनी माणसं अजून 'एल्फिस्टन'च म्हणतात. नाव बदलणाऱ्याला नवं नाव पाहिजे असतं, तिथून रोज उतरणाऱ्याला जुनं पुरतं.

भाऊ त्या खोलीतच राहत होता, मी लग्नानंतर डोंबिवलीला आलो. चाळ पुनर्विकासाला द्यायचं ठरलं तेव्हा शेजारच्या टॉवरचं एक रंगीत माहितीपत्रक भावाच्या हाती लागलं. त्यात वरून घेतल्यासारखं एक चित्र होतं. टॉवर, त्याचा पोहण्याचा तलाव, लांब समुद्र. आमची वाडी जिथं असायला हवी तिथं झाडं होती. भाऊ चिडला. म्हणाला, "जिवंत माणसांची पाचशे डोकी आहेत इथं, आणि यांनी जंगल केलंय." मी पत्रक हातात घेऊन बसलो. त्याच्याबरोबर चिडता आलं असतं, पण मला ती झाडं ओळखीची वाटली.

खोली रिकामी करायला मी गेलो होतो. माळ्यावर बाबांची तार सापडली. तळाशी लाकडी चकती आणि वर वाकवलेली टोकदार तार, बिलं खोचायची. विजेची बिलं, रेशनची, ताईच्या लग्नाच्या मांडववाल्याचं. आणि पावत्या. गणपतीच्या पिवळ्या, जयंतीच्या निळ्या. जमिनीवर बसून मी त्या एकेक काढल्या. निळ्या सतरा निघाल्या. पहिली १९७६ ची. १९८३ ची नव्हती, त्या उन्हाळ्यात आम्ही सगळे गावी जाऊन राहिलो होतो. १९८२ ची होती. एप्रिल महिना, संपाचा तिसरा महिना. बाबांचं नाव, खोली क्रमांक, रुपये एक. खाली घेणाऱ्याची सही. ती माझ्या मित्राच्या वडिलांची होती.

मी त्या पावतीकडं बराच वेळ बघत होतो. दोघंही संपावर, दोघांच्याही घरी पगार नाही. एक जण तीन मजले चढून येतो आणि दुसरा गॅलरीत जाऊन त्याच्या हातावर रुपया ठेवतो. आमच्या मंडळाच्या जुन्या पुस्तकांचे गठ्ठे कुठं असतील तर त्यांत त्या अकरा बिऱ्हाडांच्या नावाचं एकही स्थळप्रत सापडणार नाही, हे मला शोधल्याशिवाय माहीत होतं.

बाबा २००९ साली गेले तेव्हा त्यांचं नाव फळ्यावर लिहिलं होतं. भोईवाड्याच्या स्मशानात तो आला होता. मागं, कडेला उभा होता. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याला कुणी कळवलं हे मी विचारलं नाही. फळा त्याच्या रोजच्या वाटेवरच होता.

पावत्या सापडल्यावर मी भावाकडून त्याचा नंबर घेऊन फोन केला. ती अकरा खोल्यांची रांग आमच्या आधीच पाडली होती. तो आता कल्याणच्या पुढं राहतो. मी त्याला निळ्या पावत्यांचं सांगितलं. १९८२ ची वाचून दाखवली. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एक रुपया? त्या वर्षी आमच्या कमिटीनं आठ आणेच मागायचे ठरवले होते. तुझ्या बाबांनी दुप्पट दिले."

मी नकाशाचा विषय काढला. चौथीतला, भूगोलाच्या तासाचा. झाडाचं सांगितलं, 'कागदावर जागा नव्हती' म्हणालो होतो तेही सांगितलं.

"कुठला नकाशा?" तो म्हणाला. खरंच आठवत नव्हता की मला सोडवत होता, ते आवाजावरून कळलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. मग तोच म्हणाला, "जयंती अजून तिथंच करतो आम्ही. पांगलेले सगळे त्या दिवशी नाक्यावर येतात. पुस्तक माझ्याकडंच असतं."

"मग माझ्याकडं का नाही आलास इतकी वर्षं?"

"तू डोंबिवलीला गेलास ना," तो म्हणाला. "मला वाटलं, आता तुझी हद्द बदलली."

या एप्रिलमध्ये मी त्याला मोबाइलवरून पैसे पाठवले. किती पाठवायचे हे ठरवायला मला दोन दिवस लागले. जास्त पाठवले तर भरपाई केल्यासारखं झालं असतं, म्हणून बाकीचे देतात तेवढेच पाठवले. संध्याकाळी पावतीचा फोटो आला. कागद अजून निळाच आहे. माझं नाव होतं, रक्कम होती. पत्त्याच्या ओळीत त्यानं डोंबिवली लिहिलं नव्हतं. आमची वाडी लिहिली होती, दुसरा मजला, डावीकडून चौथी खोली.